पैशाचं नियोजन आणि घराची तब्येत: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घर कापसावर चालो, केळीवर चालो, सालदारीवर (शेतमालकाकडे वर्षाच्या बोलीवर मजुरी), भुसावळच्या रेल्वेच्या पगारावर नाहीतर धुळ्यातल्या छोट्या दुकानावर. पैशाची ओढाताण सुरू झाली की ती तब्येतीत उतरतेच. जळगाव, धुळे आणि नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत लोक जे प्रश्न विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. व्याजदर आणि योजनांचे नियम बदलत असतात, त्यामुळे अर्ज करायच्या आधी बँकेत किंवा तालुक्याच्या कार्यालयात एकदा विचारून घ्या.

पैशाच्या काळजीने खरंच बीपी-शुगर वाढते का, की हे नुसतं बोलायचं?

खरंच वाढते, आणि दोन वाटांनी वाढते. पहिली वाट शरीरातली. काळजी लागली की कॉर्टिसॉल आणि अ‍ॅड्रेनॅलिन ही संप्रेरकं वाढतात, नाडी जलद होते, रक्तदाब चढतो, यकृत रक्तात जास्त साखर सोडतं. एखादा दिवस असं झालं तर शरीर ते निभावून नेतं. पण महिनोन्‌महिने तेच चाललं की दाब वरच राहतो, झोप तुटते, आणि झोप तुटली की दुसऱ्या दिवशी साखर आणखी बिघडते.

दुसरी वाट खिशातली. पैसे नाहीत म्हणून गोळी एक दिवसाआड घेतली जाते, दाढ दुखत असली तरी लवंग धरून दिवस काढले जातात, घरातलं दूध आणि डाळ कमी होते, भाकरी-चटणीवर भागवलं जातं. आमच्या मते आपल्याकडे जास्त नुकसान या दुसऱ्या वाटेने होतं, आणि ही वाट थोड्या नियोजनाने बरीचशी अडवता येते.

आणखी एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तमिळनाडूतल्या ऊस उत्पादक शेतकऱ्यांवरचा एक अभ्यास २०१३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. त्याच शेतकऱ्यांना तोडणीआधी, म्हणजे हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर पैसा आल्यावर आकलनाच्या चाचण्या दिल्या. तोडणीआधी त्यांची कामगिरी स्पष्टपणे खाली होती. माणसं तीच, हुशारीही तीच. पण ओढाताणीत डोकं तिथेच अडकून पडतं आणि बाकी विचाराला जागा उरत नाही. म्हणून श्रावण-भाद्रपदात हात रिकामा असताना जमीन लिहून देणं, सोनं मोडणं, मोठं कर्ज काढणं असे निर्णय शक्य तोवर घेऊ नयेत. घ्यावेच लागले तर घराबाहेरच्या एका शहाण्या माणसाला सोबत बसवून घ्यावेत.

वर्षातला कोणता काळ सगळ्यात अवघड असतो?

जून ते सप्टेंबर. जूनमध्ये बियाणं, खत आणि पोरांच्या शाळेचा खर्च एकदम येतो. पुढचे तीन महिने शेतात पैसा जातो, येत काहीच नाही. कापसाची वेचणी दसऱ्याच्या आसपास सुरू होते. आणि नेमक्या याच काळात डेंग्यू, मलेरिया, जुलाब, सर्पदंश जास्त असतात. आजार आणि रिकामा खिसा एकाच वेळी येतात, तिथे हातउसने सुरू होतात.

केळीवाल्यांचं वेगळं. रावेर-यावल-चोपड्याकडे मृगबाग आणि कांदेबाग अशा दोन लावण्या असल्या तर पैसा वर्षातून दोनदा येतो, पण भाव रोज बदलतो आणि मे-जूनच्या वादळात उभी बाग आडवी होते. त्यांचा ताण ‘पैसा कधी येईल’ यापेक्षा ‘किती येईल’ याचा असतो. सालदाराचं वर्ष आखाजी (अक्षय तृतीया) ते आखाजी. त्याला आधी उचल मिळते, ती लग्नात किंवा जुन्या देण्यात जाते, आणि पुढचं वर्षभर हातात फार थोडं येतं.

एकदम आलेला पैसा वर्षभर कसा पुरवायचा?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून हिशेबच मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत. तुमचे तुम्ही घाला.

पाच एकर कोरडवाहू कापूस, एकरी पाच क्विंटल, म्हणजे २५ क्विंटल. भाव ७,५०० धरला तर १,८७,५०० रुपये. वेचणी किलोला १० रुपयांप्रमाणे २५,०००. बियाणं, खत, फवारणी, मशागत मिळून एकरी १८,००० म्हणजे ९०,०००, आणि हे बहुतेक पीककर्जातून आलेलं असतं, म्हणजे परत करायचं असतं. उरले ७२,५००. बाराने भागले की महिन्याला साधारण ६,००० रुपये. घराचा खरा पगार हा आहे. काट्यावर हातात आलेले पावणेदोन-दोन लाख बघून खर्च ठरवला की घोळ तिथेच होतो.

आता करायचं काय? व्यापाऱ्याचे किंवा जिनचे (सरकी काढणाऱ्या गिरणीचे) पैसे शक्यतो खात्यावरच घ्या. खेडा खरेदीत, म्हणजे व्यापारी गावात येऊन घेतो तेव्हा, रोख घेतली तर ती दुसऱ्या दिवशी बँकेत भरा. आलेल्या पैशातून सगळ्यात आधी पीककर्ज फेडा. मुदतीत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर प्रत्यक्षात व्याज पडत नाही. मुदत चुकली की ती सवलत जाते, म्हणून परतफेडीची शेवटची तारीख शाखेतून लिहून आणा आणि कॅलेंडरवर ठळक करून ठेवा.

मग उरलेल्या ७२,५०० पैकी तीन महिन्यांचे १८,००० बचत खात्यात ठेवा. बाकीच्या प्रत्येकी ६,००० च्या नऊ मुदत ठेवी करा: पहिली चार महिन्यांनी सुटेल, दुसरी पाच, तिसरी सहा, अशी शेवटची बारा महिन्यांनी. दर महिन्याला एक ठेव सुटते आणि घराला पगार मिळाल्यासारखा होतो. वरचे ५०० खात्यातच राहू द्या. अडचण आली तर एकच ठेव मोडायची. मुदतीआधी मोडली तर व्याजात साधारण एक टक्क्याचा फटका बसतो, मुद्दल जात नाही. नऊ ठेवींचं नाव काढलं की काही शाखांत कंटाळा करतात. पण तो तुमचा हक्क आहे, आणि मोबाइल बँकिंग असेल तर घरबसल्याही होतं.

हे फसतं कुठे? बहुतेक वेळा तीन ठिकाणी. पहिलं, ठेवी करायच्या आधीच पैसे ‘आठवड्यात देतो’ म्हणणाऱ्या पाहुण्याला दिले जातात. दुसरं, वेचणी तीन टप्प्यांत होते आणि पहिल्या वेचणीचा पैसा दिवाळीत संपून जातो. त्यावर उपाय असा की प्रत्येक वेचणीचा अर्धा भाग कर्जासाठी लगेच बाजूला काढायचा. तिसरं, भाव वाढेल म्हणून कापूस घरातच ठेवला जातो आणि तोवर घरखर्च व्याजाच्या पैशावर चालतो. भावात ३०० रुपये मिळवायला महिन्याला शेकडा तीनने पैसे काढणं परवडत नाही. आणि कापूस झोपायच्या खोलीत भरून ठेवला तर खाज, दमा हे वेगळंच.

पीएम-किसान आणि नमो शेतकरी यांचे मिळून वर्षाला १२,००० येतात, घरातल्या बाईला लाडकी बहीण योजनेचे येत असतील तर तेही. हा पैसा बियाण्यात घालू नका. तो औषध, दूध आणि डाळीसाठी धरा, कारण तोच एक पैसा पिकावर अवलंबून नाही.

पगार दरमहा येतो, तरी वीस तारखेनंतर छातीत धडधडतं. का?

बहुतेक वेळा हप्त्यांच्या तारखांमुळे. पगार एक ते पाचच्या दरम्यान आणि हप्ते १०, १५, २० ला विखुरलेले असले की महिनाभर मनात आकडेमोड चालू राहते. सगळे हप्ते पगारानंतरच्या तीन-चार दिवसांत आणता येतात; बँकेला अर्ज द्यावा लागतो. सगळे हप्ते मिळून हातात येणाऱ्या पगाराच्या एक तृतीयांशाच्या आत ठेवा. क्रेडिट कार्डाची ‘किमान रक्कम’ भरत राहणं सगळ्यात घातक, कारण उरलेल्या रकमेवर महिन्याला तीन टक्के आणि त्याहूनही जास्त व्याज बसतं.

बीपीच्या गोळ्या महाग पडतात. एक दिवसाआड घेतल्या तर चालतील का?

नाही. काही गोळ्या एकदम थांबवल्या की दाब उसळी घेतो. लकवा मारला तर रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि धडगाव-अक्कलकुव्याहून तेवढ्या वेळात मोठ्या दवाखान्यात पोचणं सोपं नाही. गोळी चुकवून महिन्याला वाचतात शे-दोनशे रुपये, आणि एका लकव्यात घरातला कमावता हात बसतो.

स्वस्तात कसं होईल ते बघा. डॉक्टरांकडून चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, जसं अ‍ॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, मेटफॉर्मिन. जनऔषधी केंद्रात त्याच घटकाच्या गोळ्या नावाजलेल्या कंपन्यांपेक्षा निम्म्या किंवा त्याहून कमी किमतीत मिळतात. बीपीची एक गोळी रोज असेल तर महिन्याचा खर्च बहुतेक १०० रुपयांच्या आत राहतो. प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि गावच्या आयुष्मान आरोग्य मंदिरात ३० वर्षांवरच्यांचा दाब आणि साखर मोफत तपासतात, गोळ्याही तिथे मोफत मिळतात. वेगवेगळ्या दिवशी दोन-तीनदा मोजून दाब १४०/९० किंवा वर येत असेल तर डॉक्टरांना दाखवा. गोळ्या संपायच्या आठ दिवस आधी आणायच्या, म्हणजे ‘आज पैसे नाहीत’ म्हणून खंड पडत नाही.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट आवर्जून. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो आणि वीज तासन्‌तास जाते. तापलेलं इन्सुलिन निकामी होतं. दिसायला तसंच दिसतं, पण साखर उतरत नाही आणि लोक उगाच डोस वाढवत बसतात. मोठ्या माठात ओली वाळू भरा, त्यात छोटं मडकं बसवा, कुपी कोरडी राहील अशा डबीत घालून त्या मडक्यात ठेवा, वरून ओलं फडकं टाका आणि सावलीत, वारा येईल अशा जागी ठेवा. वाळूवर दिवसातून दोनदा पाणी शिंपडा. वापरात असलेल्या कुपीला एवढा गारवा पुरतो. फ्रीज असेल तर बर्फाच्या कप्प्यात मात्र कधीही ठेवू नका. गोठलेलं इन्सुलिनही वाया जातं.

मोठं ऑपरेशन निघालं तर कर्ज काढण्याआधी काय करायचं?

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत या आता एकत्र चालतात. महाराष्ट्रातल्या रेशनकार्डधारक कुटुंबाला, कार्ड पिवळं असो, केशरी असो की पांढरं, वर्षाला ५ लाखांपर्यंतचे ठरलेले उपचार योजनेतल्या दवाखान्यात मोफत मिळतात.

दवाखान्यात पोचल्यावर आधी आरोग्यमित्राचं, म्हणजे तिथे बसणाऱ्या योजनेच्या माणसाचं, टेबल शोधा. त्याला विचारायचा प्रश्न नेमका हवा: ‘या आजारासाठी हा दवाखाना योजनेत आहे का?’ कारण एखादा दवाखाना हाडांच्या ऑपरेशनसाठी योजनेत असतो, हृदयासाठी नसतो. रेशनकार्ड, आधार आणि डॉक्टरांचे कागद दिले की तो मंजुरीसाठी पाठवतो. तातडीचा रुग्ण असेल तर उपचार आधी सुरू होतात, कागद मागून दिले तरी चालतात. मंजुरी मिळाल्यावरही कोणी पैसे मागितले तर १५५३८८ वर तक्रार करा. एकदा स्वतःहून अनामत भरून ‘रोखीचा रुग्ण’ म्हणून नोंद झाली की मागे येणं फार कठीण जातं. म्हणून पैसे भरायच्या आधी आरोग्यमित्र.

अडचण बहुतेक कागदात येते. नवीन सुनेचं नाव माहेरच्या रेशनकार्डावर, लहान मुलाचं नाव कुठेच नाही, आधारवर ‘भिल’ आणि कार्डावर ‘भील’. हे आजार आल्यावर सुटत नाही. उन्हाळ्यात काम कमी असतं तेव्हा तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन नावं नीट करून घ्या आणि घरातल्या प्रत्येकाचं आयुष्मान कार्ड काढा. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न लावता स्वतंत्र कार्ड मिळतं.

साध्या आजारांसाठी प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयं आहेतच. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरपासून उपचार मोफत आहेत. धर्मादाय दवाखान्यांना १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला सोबत हवा.

उपचार मोफत होते, तरी चाळीस हजार गेले. कशात?

गाडीभाडं, सोबतच्या माणसांचं खाणं-राहणं, योजनेआधीच्या तपासण्या, घरी गेल्यावरची औषधं आणि बुडालेली मजुरी. जळगावहून नाशिक किंवा मुंबईला दोन-तीन फेऱ्या झाल्या की एवढे सहज होतात. यासाठी फक्त दवाखान्याचे म्हणून १५,००० ते २०,००० रुपये वेगळ्या खात्यात ठेवा. एकदम जमत नसेल तर प्रत्येक वेचणीतून किंवा केळीच्या प्रत्येक गाडीतून हजार-दोन हजार. त्या खात्याचं एटीएम कार्ड कुठे आहे आणि पिन काय आहे, हे घरातल्या दोन माणसांना माहीत असू द्या. खातं ज्याच्या नावावर, तोच बेशुद्ध पडला आणि पैसे असून काढता आले नाहीत, असं होतं. खातं दोघांच्या नावे, ‘दोघांपैकी कोणीही’ या पद्धतीचं ठेवलं की हा घोर राहत नाही.

सावकाराकडून ‘शेकडा तीन’ने घेतले आहेत. हे फार आहे का?

फार आहे. शेकडा तीन म्हणजे महिन्याला तीन टक्के, वर्षाला ३६. पन्नास हजारांवर महिन्याला १,५०० आणि वर्षाला १८,००० नुसतं व्याज. व्याज थकून मुद्दलात मिळत गेलं तर दोन वर्षांत रक्कम दुप्पट होते.

महाराष्ट्र सावकारी नियमन कायदा २०१४ चा आहे. सावकाराकडे परवाना लागतो. शेतकऱ्याला तारणावर वर्षाला ९ टक्के आणि विनातारण १२ टक्के, बिगरशेतकऱ्याला १५ आणि १८ टक्के अशी कमाल मर्यादा ठरलेली आहे. म्हणजे वरच्या उदाहरणात कायदेशीर व्याज वर्षाला ६,००० होतं. एकूण व्याज मुद्दलापेक्षा जास्त वसूल करता येत नाही. विनापरवाना सावकारी हा गुन्हा आहे, आणि कर्जापोटी बळकावलेली जमीन परत मिळवायचीही तरतूद आहे. तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात करायची. कोऱ्या स्टॅम्पपेपरवर किंवा कोऱ्या चेकवर सही देऊ नका, आणि दिलेला प्रत्येक पैसा यूपीआयने किंवा पावती घेऊनच द्या. रोखीने फेडलेलं सिद्ध करता येत नाही, तिथेच माणूस हरतो.

सुटायचा व्यवहारी मार्ग असा: घरात सोनं असेल तर ते विकण्याऐवजी बँकेत तारण ठेवा आणि त्या पैशातून सावकार मोकळा करा. बँकेचं सोनेतारण सावकारापेक्षा किती तरी स्वस्त पडतं. सोनं जळगावचं असलं तरी मोडताना घडणावळ परत मिळत नाही.

बायकांच्या गटाचे तीन-तीन हप्ते आहेत. रविवारी रात्रीपासून पोटात गोळा येतो.

असं फार घरांत चाललंय. एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं कर्ज, आणि गटातल्या बाकीच्या बायकांची नजर वर. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमाप्रमाणे सूक्ष्म कर्जदार कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या ५० टक्क्यांपेक्षा जास्त नसावेत. वसुली ठरलेल्या जागीच करायची. दोन किंवा जास्त वेळा लागोपाठ तुम्ही तिथे आला नाहीत तरच माणूस घरी किंवा कामाच्या जागी येऊ शकतो. धमकी, शिवीगाळ, शेजाऱ्यांना सांगणं हे चालत नाही. तक्रार आधी कंपनीकडे लेखी द्या, तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. माहितीचा क्रमांक १४४४८.

नवीन कर्ज काढून जुनं भरणं आधी बंद करा. एका कागदावर तिन्ही कर्जांची शिल्लक, हप्ता आणि शेवटची तारीख लिहा. सगळ्यात लवकर संपणारं कर्ज आधी मोकळं करा, मग तोच हप्ता पुढच्यात घाला. आणि हे नवऱ्यापासून लपवलेलं असेल तर तोच भार तब्येतीवर सगळ्यात जास्त पडतो.

मोबाइलवरच्या अ‍ॅपने पाच मिनिटांत कर्ज दिलं, आता फोटो पाठवून धमकावतात.

पैसे पाठवत राहू नका; मागणी थांबत नाही, वाढत जाते. स्क्रीनशॉट काढा, अ‍ॅपला दिलेली संपर्क आणि फोटोंची परवानगी बंद करा, १९३० वर किंवा सायबर पोलिसांत तक्रार करा, आणि नातेवाइकांना स्वतःच सांगून टाका की असे मेसेज येतील, लक्ष देऊ नका. लाजेपोटी गप्प बसल्यानेच या टोळ्यांचं फावतं. कर्ज देणारी बँक किंवा कंपनी रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेली असली तरी तिच्या वसुलीवाल्यांना सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही.

पैसा कुठे ठेवला तर रात्री निवांत झोप लागेल?

बँकेतल्या ठेवींना प्रत्येक बँकेत माणशी ५ लाखांपर्यंत विमा आहे, सहकारी बँकाही त्यात येतात. पतसंस्थांच्या ठेवींना हा विमा नाही, मग त्या कितीही जुन्या असोत आणि मल्टिस्टेट असोत. पतसंस्थांत अडकलेल्या ठेवींपायी खान्देशातल्या किती तरी निवृत्त माणसांनी औषधपाणी सोडलंय. दोन टक्के जादा व्याजासाठी म्हातारपणाची पुंजी तिथे ठेवू नका. पोस्टातला पैसा सरकारच्या हमीचा असतो.

भिशी ओळखीतली, छोटी आणि ज्याचं बुडालं तरी दवाखाना अडणार नाही एवढ्याच रकमेची असावी.

योजना असताना खासगी आरोग्य विमा कशाला?

परवडत असेल तर घ्या, कारण योजनेत नसलेल्या दवाखान्यात आणि योजनेत नसलेल्या आजारांत तो उपयोगी पडतो. अर्जात बीपी, शुगर, जुनं ऑपरेशन काहीही लपवू नका. दावा फेटाळला जाण्याचं ते मोठं कारण आहे. आधीच्या आजारांसाठी प्रतीक्षा काळ जास्तीत जास्त तीन वर्षं असतो, म्हणून आजार लागल्यावर नव्हे तर आधी घ्यावा लागतो. मानसिक आजारांनाही संरक्षण देणं कायद्याने बंधनकारक आहे.

ऊसतोडीला किंवा सुरतला कामाला जातो. आजारी पडलं की खाडा धरतात.

खाड्याची भीती अंगावर ताप काढायला लावते, आणि दोन दिवसांचा आजार पंधरा दिवसांचा होतो. उचल घेतानाच मुकादमाशी खाड्याचा दर, आजारपणाचे दिवस आणि परतीचं भाडं बोलून घ्या. वहीत दोघांच्या सह्या हव्यात आणि वहीचा फोटो घरी ठेवा. रेशन दुसऱ्या राज्यातही त्याच कार्डावर मिळतं. आयुष्मान कार्ड गुजरातेतल्या योजनेतल्या दवाखान्यातही चालतं. गरोदर बाई सोबत असेल तर तिचं माता-बाल कार्ड सोबत न्या, तिथल्या आरोग्य केंद्रात लस आणि तपासणी होते.

दिवसाला तंबाखूच्या पाच पुड्या. यात किती पैसा जातो?

दहाची एक धरली तर दिवसाला ५०, वर्षाला १८,२५०. वरच्या उदाहरणातल्या घराचा हा तीन महिन्यांचा खर्च आहे. तोंड कमी उघडणं, पांढरा चट्टा, तिखट न सोसणं, तीन आठवड्यांत न भरलेली जखम यांतलं काहीही दिसलं तर लगेच तोंड तपासून घ्या. सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशक बोलतात. ताण आला की पुडी आणि पुडीपायी पैसा, हे चक्र पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जोराने ओढतं. तेवढे दिवस घरच्यांनी सांभाळून घ्यावं.

आमचे नाना कर्जाबद्दल कोणाशी बोलत नाहीत. रात्री उठून ओट्यावर बसतात.

जेवताना किंवा पाहुण्यांसमोर विषय काढू नका. शेतात सोबत जाताना, हातात काम असताना काढा. ‘किती कर्ज आहे?’ असं विचारलं की माणूस मिटतो. त्याऐवजी ‘नाना, बँकेची तारीख कधीची आहे, मी सोबत येतो’ असं म्हणा. कागद एकत्र पाहिले की बहुतेक वेळा आकडा मनातल्यापेक्षा लहान निघतो, किंवा निदान त्याला काहीतरी वाट दिसते. पीक गेलं असेल तर थकबाकी होण्याआधीच बँकेत पुनर्गठनाचा, म्हणजे कर्ज फेडायला नवी मुदत मागण्याचा, अर्ज द्या. पैसेवारी (गावात पीक किती आलं याचा सरकारी अंदाज) ५० पैशांच्या आत लागली तर त्याला आधार मिळतो.

पण काही खुणा दिसल्या तर थांबू नका: दोन आठवड्यांहून जास्त झोप उडणं, जेवण सुटणं, ‘माझ्यामागे तुमचं सुटेल’ असं बोलणं, अचानक हिशेब आणि कागद कोणाच्या हवाली करणं, गाईगुरांत लक्ष न उरणं. अशा वेळी माणसाला एकटं सोडू नका. आत्महत्येचा विचार येतो का, हे सरळ विचारा. विचारल्याने तो विचार वाढत नाही, उलट बोलायला वाट होते. फवारणीची औषधं राहत्या घरातून हलवून कुलपात ठेवा, किल्ली दुसऱ्याकडे द्या. १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर दिवसरात्र मराठीत मोफत बोलता येतं. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभाग असतो. काही झालंच तर १०८ ला फोन करा आणि वेळ न घालवता न्या. पोलीस केसच्या भीतीने दवाखाना टाळला जातो, आणि जीव जातो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या माणसाला तीव्र तणावाखाली असलेला मानलं आहे, त्याला शिक्षा करायची नाही.

कर्ता माणूस गेला तर कर्ज कोणाच्या अंगावर येतं?

वारसांकडून वसुली त्यांना वारशात मिळालेल्या मालमत्तेपुरतीच होऊ शकते; बायको-मुलांच्या स्वतःच्या कमाईवर येत नाही. जामीनदार किंवा सहकर्जदार मात्र जबाबदार राहतो, म्हणून दुसऱ्यासाठी सही करताना हे लक्षात ठेवा. पहिल्याच आठवड्यात कोणी घरी येऊन नवीन कागदावर सह्या मागितल्या तर करू नका, बँकेत जाऊन लेखी शिल्लक मागा.

विमा निघतो का, हे पासबुकात बघा. वर्षाला ४३६ रुपये कापले जात असतील तर जीवनज्योती विम्याचे २ लाख, आणि २० रुपये कापले जात असतील तर अपघाती मृत्यूचे सुरक्षा विम्याचे २ लाख मिळतात. हे पैसे मे अखेरीस आपोआप कापले जातात. तेव्हा खात्यात शिल्लक नसली तर विमा बंद पडतो, आणि मे महिन्यात शेतकऱ्याचं खातं बहुतेक रिकामंच असतं. त्यासाठी ५०० रुपये एप्रिलपासूनच खात्यात राहू द्या. साप चावून, वीज पडून, विजेच्या धक्क्याने, बुडून किंवा रस्त्यावर अपघात होऊन शेतकरी किंवा त्याच्या घरातला एक सदस्य गेला तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून २ लाख मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्याकडे ३० दिवसांच्या आत द्यायचा. सातबारा, मृत्यूचा दाखला, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल लागतो. सर्पदंशात घाईघाईने अंत्यसंस्कार उरकले जातात, मग अहवाल नसतो आणि अर्ज अडकतो.